एक ‘बे’ बाकी

“काय बे!” म्हणताना त्यांची हनुवटी आधी वर जायची आणि शब्द तिच्यामागून यायचा. हनुवटी वर गेली की समोरच्याने ओळखायचं, आता आपली पाळी. समोर माणूसच असायला हवा असंही नव्हतं. नव्याने आलेल्या सागाच्या ओंडक्यावर तळहात ठेवून ते विचारायचे, “काय बे, कोणत्या जंगलातला?” कागद अडकवणाऱ्या प्रिंटरला म्हणायचे, “गिळून राह्यला काय बे?” फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्र्याला ‘बे’, बंद पडलेल्या पंख्याला ‘बे’. एकदा ठेच लागली तेव्हा स्वतःच्या अंगठ्याकडे पाहून ते जे काही बोलले त्याचाही शेवट ‘बे’नेच झाला.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. प्रत्येक कचेरीत एक असतोच. फक्त आमच्याकडे झाली तशी त्याची चौकशी झाली नसेल.

आम्ही त्यांना मोठे बाबू म्हणायचो. ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे निघालं की वैनगंगा ओलांडायच्या आधी आमचा सरकारी लाकूड डेपो लागतो. जंगलातून आलेलं लाकूड रचायचं, मोजायचं आणि लिलावात विकायचं, एवढंच तिथलं काम. मोठे बाबू तिथले सर्वांत जुने कारकून. साहेब यायचे, साहेब जायचे. लाकडाच्या थप्प्यासुद्धा विकल्या जायच्या. मोठे बाबू तेवढे जागेवर.

मी तिथे संगणकावर काम करायला लागले तेव्हा माझ्या वाट्याला ‘बे’ आला नाही. बाईमाणसाला आमच्याकडे ‘बे’ म्हणत नाहीत. मला ‘पोरी’ मिळालं. मी पहिल्याच दिवशी ठणकावलं, “मी पोरगी नाही, कर्मचारी आहे.” त्यांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, “बरं. कर्मचारी पोरी, पाणी पेलं काय?”

मी घुग्घुसची. वडील कोळसा खाणीत आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढिगाने. इतर मुलांचा ‘अ’ अननसाचा असतो, माझा अन्यायाचा होता. त्यामुळे डेपोच्या भिंतीवर जे काही परिपत्रक लावायचं असेल ते मी लावायचे, चारही कोपऱ्यांना भरपूर डिंक लावून. ‘कार्यस्थळी सहकाऱ्यांकडून होणारी दादागिरी व मानसिक छळ’ हे परिपत्रकही मीच चिकटवलं. मोठ्या बाबूंनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि हसले. “दादागिरी? इथी दादा कोण हाये बे?” हे त्यांनी परिपत्रकाला विचारलं.

त्या परिपत्रकासमोर बराच वेळ उभा राहिलेला दुसरा माणूस म्हणजे आमचे चौकीदारभाऊ. चाळिशी ओलांडलेले, कंत्राटावर, फाटकाची शिटी कायम गळ्यात. बोलणं कमी. एकच हौस, खाकी शर्टाची इस्त्री मोडू द्यायची नाही. बौद्ध विहाराच्या मागच्या गल्लीत घर आणि घरात ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकणारी एकुलती एक मुलगी.

ती मुलगी एकदा बाबांचा विसरलेला मोबाइल द्यायला डेपोत आली. तेवढ्यात फाटकाशी ट्रक येऊन हॉर्न वाजवायला लागला. चौकीदारभाऊ नळावर हात धूत होते. व्हरांड्यातून मोठ्या बाबूंची हनुवटी वर गेली. “काय बे, कुठी मेला? गेट काय तुझा बाप उघडन?”

रोजचंच वाक्य. आम्ही कुणी मान वर केली नाही. चौकीदारभाऊंनी ओल्या हातांनी फाटक उघडलं. मुलीने मोबाइल त्यांच्या हातात दिला, “जातो मी, बाबा” म्हणाली आणि कुणाकडे न पाहता निघून गेली. चौकीदारभाऊंनी नंतर सांगितलं, संध्याकाळी घरी तिने एवढंच विचारलं, “ते तुमच्याहून किती मोठे आहेत?”

“असतील धा-बारा वर्ष.”

“वयाचं नाही विचारलं मी.”

दुसऱ्या दिवशी चौकीदारभाऊ माझ्या टेबलाशी आले. “बाई, टाइप करून द्या. लंबं नको.” मी टाइप केलं. तक्रार अशी होती : मोठे बाबू मले बे म्हणते. पोरीसमोर बी म्हणते. मले ते नको.

साहेबांनी तक्रार वाचली, उलटून मागे पाहिलं, मग मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, बोलणं धुतलेल्या तांदळासारखं स्वच्छ. “अहो, हे ‘बे’ काय आहे?”

मी सांगितलं. त्यांना पटलं नसावं, कारण त्यांनी वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शन मागितलं. वरच्या कार्यालयाने कळवलं की ‘बे’ म्हणजे दोन असे या कार्यालयास समजते, तरी आरोपीने दोन काय म्हटले याचा खुलासा करावा आणि नियमानुसार समिती नेमावी.

नियमानुसार समितीचा अध्यक्ष आस्थापनेतला सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी. सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी मोठे बाबू. आरोपीही मोठे बाबू.

“सर, आरोपीच न्यायाधीश कसा असेल?” मी विचारलं.

“नियमात अपवाद दिलेला नाही,” साहेब म्हणाले. मग खालच्या आवाजात, “आणि ते सोयीचंच आहे. आरोप निराधार ठरतील. निराधार तक्रार करणाऱ्याचा करार मार्चनंतर अर्थातच वाढवता येणार नाही. मोठ्या बाबूंना तसं कळवा, कृपया.”

साहेबांनी जन्मात कुणाला ‘बे’ म्हटलं नसेल. त्यांना गरजच नव्हती. ‘कृपया’ म्हणून ते एखाद्याच्या ताटातली भाकरी उचलू शकत होते, तीही आवाज न करता.

समितीची दुसरी सदस्य मी, कारण एक महिला लागते. तिसरा साहेबांचा ड्रायव्हर, कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या तोंडात उठल्यापासून झोपेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत एकच, “हूं.”

वरच्या कार्यालयाचं ते ‘दोन’चं पत्र मात्र माझ्या डोक्यात गेलं. मी रातोरात नाही, भरदिवसा, कामाच्या वेळेत पत्रक लिहिलं. मथळा : मायबोलीच्या गळ्याला हात लावाल तर! ‘बे’ हा आमच्या मातीचा शब्द आहे, प्रमाण भाषेच्या मक्तेदारांनी तो आम्हाला शिकवू नये, वगैरे. मजकूर जोरदार होता. चौकीदारभाऊंनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

“चांगलं लिवलं, बाई. पण मी काय पुण्याचा हावो? मी बी म्हणतोच नं बे. माझ्या साळ्याले म्हणतो. तो मले वापस म्हणते.” मग म्हणाले, “मोठ्या बाबूले मी वापस म्हणू शकतो काय?”

उरलेली पत्रकं ड्रायव्हरने गाडीची काच पुसायला नेली.

चौकशी लाकडाच्या नमुन्यांच्या खोलीत भरली. टेबलाच्या एका बाजूला हाताची खुर्ची, ती अध्यक्षांची. दुसऱ्या बाजूला स्टूल, ते आरोपीचं. चौकीदारभाऊ भिंतीशी बाकावर, शर्टाची इस्त्री सांभाळत. मोठे बाबू न्हाऊन आले होते. कपाळाला गंध होतं. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांची भाषा बदलली.

“समितीचे कामकाज सुरू करण्यात येत आहे. आरोपी हजर आहे काय?”

मग ते उठले, टेबलाला वळसा घालून स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटी खाली घेतली. “हजर हाये जी.”

मी हसू दाबलं. त्यांनी नाही. नियम म्हटल्यावर ते नियम पाळत होते, लाकूड मोजताना पाळायचे तसाच. एकदा स्वतःच्या साळ्याने लिलावात घेतलेल्या ओंडक्यालाही त्यांनी एक बोटभरही सूट दिली नव्हती.

पुन्हा वळसा, पुन्हा खुर्ची. “आरोपीवर असा आरोप आहे की तो सहकाऱ्यास अवमानकारक संबोधन वापरतो. आरोपीचे काय म्हणणे आहे?”

वळसा. स्टूल. “मनात काई नसते जी. तोंडातून जाते.”

खुर्ची. “मोघम उत्तर नको. आरोपीने नीट सांगावे.”

स्टूल. “सवय हाये जी. मी साऱ्यांलेच म्हणतो. कुत्र्याले म्हणतो, पंख्याले म्हणतो, लाकडाले म्हणतो.”

“तेच त,” बाकावरून चौकीदारभाऊ म्हणाले.

कुत्रा, पंखा, लाकूड आणि ते. यादी त्यांनी केली नव्हती, आरोपीने स्वतःहून दिली होती.

मोठे बाबू गडबडून उठले, खुर्चीत येऊन बसले आणि अध्यक्षपणा विसरून त्यांची हनुवटी वर गेली. “काय बे, काय बरळून राह्यला? धड सांग नं!”

हे ते रिकाम्या स्टुलाला म्हणाले होते. मग उत्तर द्यायला उठले. टेबलाला वळसा घालता घालता अर्ध्या वाटेत थांबले. खुर्चीकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. पुन्हा खुर्चीकडे पाहिलं.

“पोरी,” ते म्हणाले, “मी तिकून काय म्हटलं?”

“बे.”

“अना इकून?”

“जी.”

“माणूस त मीच होतो नं?”

“हूं,” ड्रायव्हर म्हणाला.

मोठे बाबू टेबलाच्या कोपऱ्याशीच उभे राहिले, ना इकडचे ना तिकडचे. मग खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून स्टुलाला म्हणाले, “आरोपी साऱ्यांना म्हणतो ना? मग आरोपीने साहेबांना म्हणून दाखवावे. समितीसमक्ष.”

मी म्हटलं, “मोठे बाबू, राहू द्या.”

“नाई. पुरावा पायजे.”

आमची वरात साहेबांच्या खोलीत गेली. साहेब सह्या करत होते. मोठे बाबू टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. हनुवटी हळूहळू वर जायला लागली. अर्ध्यावर आली. आणखी थोडी. मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

“काय…”

साहेबांनी वर पाहिलं. “बोला?”

हनुवटी तिथेच थरथरत राहिली. पंखा फिरत होता. चौकीदारभाऊंनी तर, मी पाहिलं, नकळत स्वतःचीच हनुवटी वर नेली होती, मदत केल्यासारखी. मग मोठ्या बाबूंची हनुवटी खाली आली.

“काय… चहा घेता काय जी?”

“आणा, कृपया.”

चहा आणावा लागला. साहेबांनी तो संपवेपर्यंत समिती व्हरांड्यात थांबली.

परत आल्यावर मोठे बाबू आधी स्टुलावर बसले. “आलं होतं,” ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. “घशापर्यंत आलं होतं. वर चढलं नाई. खाली कसं सुटते बे हे, पाण्यावानी.” मग आठवून आठवून बोलायला लागले. “ठेकेदाराचं पोरगं येते. मिसरूड नाई फुटलं. त्याले मी जी म्हणतो. ह्याच्या पोरीची शाळा झाली, कॉलेज सुरू झालं, अना ह्याले बे. वय पाहून म्हणत नाई. काम पाहून म्हणत नाई. त मंग काय पाहून म्हणतो मी?”

खुर्ची रिकामी होती. उत्तर द्यायला ते उठले नाहीत.

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. गावात कुणाचं घर कुठल्या टोकाला आहे, तेवढं पाहिलं की पुरतं. खिडकीतून बाहेर विहाराचा कळस दिसत होता. मोठे बाबू तिकडे पाहत होते आणि चौकीदारभाऊ स्वतःच्या बुटांकडे.

शेवटी ते खुर्चीत जाऊन बसले आणि निकाल सांगितला. मी तो जसाच्या तसा उतरवला. आरोप सिद्ध. आरोपीने यापुढे तक्रारदारास ‘जी’ म्हणावे. या तक्रारीवरून तक्रारदाराचा करार थांबवल्यास तो दुसरा छळ समजावा आणि त्याची चौकशीही याच समितीने करावी. इथवर ठीक होतं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे सांगितलं, “आणि आरोपीने इतकी वर्षे म्हटल्याबद्दल, तक्रारदारास आरोपीला एक वेळ ‘बे’ म्हणण्याचा हक्क देण्यात येत आहे. केव्हाही. कोणासमोरही.”

“समितीचं मत?” मी विचारलं.

“हूं.”

साहेबांनी निकाल वाचला, उलटून मागे पाहिलं. “अहो, तुम्ही स्वतःलाच दोषी ठरवलंत?”

“समितीनं ठरवलं जी. एकमतानं.”

चौकीदारभाऊंचा करार वाढला. तो थांबवला असता तर समिती पुन्हा बसली असती, आणि ते खुर्ची-स्टूल पुन्हा पाहायची साहेबांची तयारी नव्हती.

मोठ्या बाबूंचं मात्र आयुष्य अवघड झालं. इतक्या वर्षांची जीभ एका निकालाने वळत नाही. समोर चौकीदारभाऊ आले की “काय ब…जी” असा एक नवाच आवाज निघायचा. मग ते थप्प्यांच्या मागे जाऊन सराव करायला लागले. सागाच्या ओंडक्यांपुढे वाकून म्हणायचे, “या जी. बसा जी. गेट उघडता काय जी?” लिलावाला आलेल्या एका व्यापाऱ्याने हे पाहिलं आणि ही काही नवी सरकारी पद्धत असावी असं समजून त्यानेही ओंडक्याला नमस्कार केला.

त्याहून जास्त त्यांना छळायचा तो बाकी राहिलेला ‘बे’. रोज सकाळी फाटकाशी सायकलवरून उतरून ते उभे राहायचे. “आज म्हणता काय जी?”

“आज नाई, मोठे बाबू.”

“म्हणून टाका नं एकदाचं. डोक्यावर वझं हाये.”

“पाहू.”

एकदा थप्पी उतरवताना वरचा ओंडका निसटला. खाली मोठे बाबू. चौकीदारभाऊंनी शिटी मारली, धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. ओंडका धाडकन पडला. मोठे बाबू डोळे मिटून उभे. सगळ्यांना वाटलं भीतीने. पण ते वाट पाहत होते.

“बाजूला राहत जा, मोठे बाबू,” चौकीदारभाऊ म्हणाले.

मोठ्या बाबूंनी डोळे उघडले आणि हिरमुसून म्हणाले, “आता त मोका होता जी!”

मग एक दिवस ती मुलगी पुन्हा आली, डबा घेऊन. चौकीदारभाऊ चहाला गेले होते. मोठे बाबू व्हरांड्यातून पायऱ्या उतरून धावत गेले, स्वतः फाटक उघडलं आणि हनुवटी छातीला टेकेपर्यंत खाली नेली. “या जी. बाबा चहा पिऊन राह्यले. येतेत आता.”

ती गोंधळली. “मला जी नका म्हणू, काका.”

“म्हणू द्या,” ते म्हणाले. “हातासरशी सराव होते.”

ती हसली. बाबा येईपर्यंत व्हरांड्यात बसली. मोठ्या बाबूंनी तिला स्टूल दिलं नाही, हाताची खुर्ची आणून दिली.

साहेबांनी मात्र निकालाचा उपयोग केलाच. दोषी कर्मचाऱ्यास प्रशासकीय कारणास्तव हलवण्यात येत आहे, असं पत्र निघालं. सिरोंच्याकडचा डेपो. पार गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला, जिथे बाजारात तेलुगू चालते. मी पत्रक लिहायला बसले तर मोठ्या बाबूंनीच हात धरला. “कर्मचारी पोरी, नको लिवू. तिकडं बे कोणालेच समजत नाई. बिनधास्त बोलता येते.”

बसला पोहोचवायला आम्ही गेलो. त्यांची ट्रंक चौकीदारभाऊ उचलायला गेले, पण त्यांनी हात लावू दिला नाही. स्वतः धापा टाकत वर चढवली. खिडकीत बसले. बस हलायच्या बेतात होती.

“एक बाकी हाये जी तुमचा,” ते म्हणाले. “आता तरी.”

चौकीदारभाऊंनी खिडकीच्या गजाला हात लावला. “राहू द्या, मोठे बाबू. वापरला त संपते. बाकी राह्यला त वापस यावं लागते तुमाले.”

मोठे बाबू हसले. बस गेली. त्यानंतर दर लिलावाच्या दिवशी दुपारी चौकीदारभाऊंचा मोबाइल वाजायचा. ते नुसतं ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “आज नाई.”

पुढच्या उन्हाळ्यात डेपोच्या ग्रुपवर मेसेज आला. तिकडच्या डेपोत, मोजणी करता करता, ओंडक्यावर हात ठेवून मोठे बाबू खाली बसले आणि उठले नाहीत.

साहेबांनी शोकसभा घेतली. मोबाइलवरून काढलेला फोटो हाताच्या खुर्चीवर टेकवून ठेवला होता. साहेब चांगलं बोलले, व्याकरणात कुठेही चूक नाही. मग म्हणाले, “आता दोन मिनिटं शांतता पाळू या, कृपया.”

सगळे उभे राहिलो. ड्रायव्हर बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला होता. त्याचं तोंड मी पहिल्यांदाच रिकामं पाहत होते. चौकीदारभाऊ फोटोच्या अगदी समोर उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. शांततेच्या मध्येच त्यांची हनुवटी हळूहळू वर गेली. पूर्ण वर.

“सांगून त जायचं होतं बे.”

साहेबांनी डोळे उघडून रागाने पाहिलं. दुसरं कुणी हललं नाही. तेवढ्यात बाहेर ट्रक येऊन हॉर्न वाजवायला लागला. व्हरांड्यातून कुणी ओरडलं नाही. चौकीदारभाऊंनी डोळे पुसले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि फाटक उघडायला गेले.